अमृतधारेची बाटली आणि पाण्यातले धातू

लांजे तालुक्यात घराला जांभा, गडग्याला जांभा, विहीर खणावी तर तिथेही जांभाच. हा तांबडा दगड घडवला कोणी? पावसाने. हजारो-लाखो वर्षे पाणी काळ्या कातळात मुरत गेले. विरघळणारे सारे त्याने धुऊन नेले आणि लोखंडाची व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली. पाणी दगडातून काय काय ओढून नेते, हे लांज्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. आज सांगायची आहे ती उलटी गोष्ट. पाण्यात विरघळलेला धातू माणूस परत काढायला कसा शिकला, याचा हा इतिहास.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठे? पाणी आटवावे, धातूचा क्षार खाली बसेल. खरे आहे, पण त्याला सरपण किती लागेल? शिवाय पाण्यात चार धातू असले, तर चारही एकत्रच बसतील. रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. पाण्यात न मिसळणारा आणि आपल्याला हवा तोच धातू ओढून घेणारा एक द्रव घ्यायचा. दोन्ही एकत्र घुसळायचे आणि स्वस्थ ठेवायचे. ताकावर लोणी यावे तसा तो द्रव वेगळा होतो आणि धातू त्याच्याबरोबर जातो. पुढे आम्लाने वगैरे धुऊन धातू सोडवून घ्यायचा, आणि तोच द्रव पुन्हा कामाला लावायचा. अशा द्रवाला द्रावक म्हणतात.

१८४२ साली पेलिगो या फ्रेंच शास्त्रज्ञाला आढळले की, युरेनियमचा नायट्रेट क्षार ईथरमध्ये विरघळतो. त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९४२ मध्ये, अमेरिकेत पहिल्या अणुभट्टीसाठी याच ईथरने युरेनियम शुद्ध केले गेले. पण ईथर म्हणजे ठिणगी पडायचा अवकाश, भडका! मग रॉकेलच्या जातीच्या तेलात ट्रायब्यूटाइल फॉस्फेट मिसळून वापरण्याची रीत आली.

ही रीत आपल्या महाराष्ट्रात मुंबईजवळ तुर्भे येथे पोचली. तिथल्या अणुभट्टीत वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचे आणि या तेलाने त्यातून युरेनियम व प्लुटोनियम ओढून घ्यायचे, असा कारखाना होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी उभारला. तो १९६४ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या काळी हे काम जगातल्या मोजक्याच देशांना साधले होते.

रॉकेलही पेटतेच, आणि ते खनिज तेलातून येते. दुसरे काही मिळेल का? उत्तराचा धागा आपल्या घरातच आहे. अमृतधारा तुम्हाला ठाऊक आहे. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तिन्ही कोरडे खडे. एका बाटलीत घालून हलवले की विस्तवावाचून त्यांचे पाणी होते. असे का व्हावे? एका मापाचे चिरे असले की भिंत नीट उभी राहते. वेगवेगळ्या मापांचे मिसळले की रचना बसत नाही. कणांचेही तसेच आहे. कासार डाख देतो त्यातही हेच. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण योग्य प्रमाणात मिसळले की १८३ अंशांनाच वितळतात. अशा मिश्रणाला १८८४ साली गथ्री या इंग्रज शास्त्रज्ञाने 'यूटेक्टिक' म्हणजे सहज वितळणारे असे नाव दिले.

२००३ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे ॲबट यांच्या गटाने कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड आणि आपल्या शेतातला युरिया यांचे असेच द्रव मिश्रण प्रसिद्ध केले. पण ते पाण्यात मिसळून जाते; पाण्यातून धातू काढायला त्याचा काय उपयोग? २०१५ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील संशोधकांनी कॅप्रिक आम्ल वापरून पाण्यात न मिसळणारी मिश्रणे केली. हे आम्ल बकरीच्या दुधात असते, खोबरेल तेलातही थोडे असते. पुढच्याच वर्षी त्यांनी हे आम्ल आणि दात काढताना बधिरपणा आणणारे लिडोकेन यांच्या मिश्रणाने पाण्यातून कोबाल्टसारखे धातू ओढून दाखवले. पुदिन्याचे व ओव्याचे फूल या जोडीचाही द्रावक म्हणून अभ्यास झाला आहे.

कोबाल्ट आपल्याला का हवा? मोबाइलच्या आणि विजेवर चालणाऱ्या पुष्कळ वाहनांच्या बॅटऱ्यांत तो असतो, आणि आपल्या देशात त्याची खाण नाही. जुनी बॅटरी आम्लात विरघळवून त्यातून तो परत मिळवता आला, तर तेवढा परदेशातून आणावा लागणार नाही आणि विषही ओढ्यात जाणार नाही.

मात्र हुरळून जाऊ नये. ही द्रावके अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. काही काकवीसारखी दाट असतात, लवकर निवळत नाहीत. आणि मुख्य अडचण अशी की, लिडोकेनच्या मिश्रणात धातू वर येतो तेव्हा त्याच्या बदल्यात लिडोकेनचा काही अंश पाण्यात उतरतो. एक काढले आणि दुसरे घातले, तर विहिरीचे भले ते काय झाले?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात अमृतधारेचे चार थेंब एका बाटलीत पाण्याबरोबर हलवून दाखवा. थेंब वेगळे होऊन वर येतील. ते कोणी पिऊ नये, डोळ्यांना लावू नये. मग मुलांना ते पाणी हुंगायला सांगा. वास पाण्याला लागलेला असेल. न मिसळणारे म्हणतो तेही थोडेसे मिसळतेच, हे मुलांना नाकानेच कळेल. नवे द्रावक निघाल्याची बातमी आली, की त्याने पाण्यातून काय काढले हे जसे विचारायचे, तसेच पाण्यात काय सोडले हेही विचारायचे. हा दुसरा प्रश्न विचारायची सवय मुलांना शाळेतच लागली पाहिजे.