पुतळा गुरुजींचा, आणि चंद्रकलेचं काय?

कसबा पेठेतून आम्ही बोलतोय. व्ही. शांताराम यांचा १९७२ सालचा ‘पिंजरा’ तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला असेल. डॉ. श्रीराम लागू गुरुजी आणि संध्या चंद्रकला. आमच्या गटात विषय निघाला, तेव्हा एक जण म्हणाली, “बाईपायी चांगल्या माणसाची माती झाली.” खरंच तसं आहे का? ही गोष्ट मुळात कुठली, ते आधी पाहू.

१९०५ साली हाइनरिश मान या जर्मन लेखकानं एक कादंबरी लिहिली. त्यातला मास्तर मुळातच जुलमी. मुलांना छळणारा, सूड धरणारा. मुलं त्याच्या नावाची मोडतोड करून त्याला ‘घाण’ म्हणत. तो रोझा नावाच्या गाणाऱ्या बाईशी लग्न करतो. तिला एक लहान मुलगी आहे. नोकरी गेल्यावर तो घरातच जुगार मांडतो. गावातले प्रतिष्ठित तिथं येऊन बुडतात आणि हा मनात खूश होतो. शेवटी पोलीस त्याला धरून नेतात. लेखकाचा रोख मास्तरावर आणि त्या ढोंगी गावावर होता.

१९३० साली त्यावर ‘द ब्लू एंजल’ हा चित्रपट निघाला. अंधार आणि सावल्यांनी भरलेला. त्यात शेवट बदलला. बाईची मुलगी गाळली. मास्तर विदूषक होतो, आपल्याच गावात त्याची फजिती होते, आणि रात्री जुन्या शाळेत जाऊन तो आपल्या टेबलाला कवटाळून मरतो. आता मास्तराची कीव येते, आणि बाई भुरळ घालणारी ठरते.

‘पिंजरा’ याच गोष्टीचं मराठी रूप मानलं जातं. इथं मास्तर आदर्श झाला. गावात आलेला तमाशा त्यानंच बंद पाडला, आणि नंतर तोच फडाबरोबर भटकला. दुसऱ्याच कुणाचं प्रेत गुरुजींचं समजून गावानं त्यांचा पुतळा उभारला. शेवटी गुरुजींच्या खुनाबद्दल खुद्द गुरुजींनाच फाशीची शिक्षा होते. गावाचा आदर्श मोडू नये म्हणून ते गप्प राहतात. खरं ठाऊक असूनही चंद्रकला त्यांना वाचवू शकत नाही.

मैत्रिणींनो, तीन वेळा गोष्ट सांगितली आणि तीन वेळा दोष जागा बदलत गेला. आधी मास्तरावर, मग बाईवर. आपल्याकडे तर पुतळा वाचवायला खऱ्याचाच बळी गेला. नदी ओलांडून तमाशाला जाणारे गावकरी मात्र कुठल्याच कोर्टात उभे राहिले नाहीत.

आपल्या गावातही असं होतं. मोठ्या माणसाचं नाव राखायचं म्हणून बाईला ‘तू गप्प बस’ म्हणतात. पुढच्या बैठकीत एवढंच बोला: ‘पिंजरा’चा शेवट चंद्रकलेनं सांगितला असता, तर तो कसा झाला असता?