निर्विषीकरणाच्या कल्पनेचा इतिहास

शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्याला निरुपद्रवी करून बाहेर टाकणे हे यकृताचे कार्य होय, ही कल्पना दीर्घकाळ टिकली. इ. स. १८४२ मध्ये वलरचा शिष्य केलर याने स्वतः बेंझोइक आम्ल सेवन केले आणि मूत्रातून हिप्युरिक आम्ल वेगळे केले. (कुत्र्याच्या शरीरात हे रूपांतर यकृतात नव्हे, मूत्रपिंडात घडते, असे १८७६ मध्ये बुंगे व श्मीडेबेर्ग यांनी दाखविले, पण त्याने मूळ समजुतीस धक्का बसला नाही.) आर. टी. विल्यम्स यांच्या १९४७ च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नावातही 'निर्विषीकरण' हाच शब्द होता.

ही कल्पना अपुरी ठरली ती एका सामान्य ज्वरनाशकामुळे. ॲसिटॅनिलाइड १८८६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील कान व हेप यांनी प्रचारात आणले. ताप उतरे, पण काही रोग्यांची त्वचा निळसर पडे. १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे ब्रोडी व ॲक्सेलरॉड यांनी याचा उलगडा केला. द्रव्याचा बहुतांश भाग शरीरात पॅरासिटामॉल बनतो व वेदनाशमन तोच करतो. अल्प भागापासून ॲनिलिन होऊन रक्तातील हीमोग्लोबिन बिघडते. औषध व विष, दोन्ही शरीरानेच घडविलेली.

हे घडविणारे एंझाइम कोणते? १९५५ मध्ये ॲक्सेलरॉड यांना ते सशाच्या यकृतातील मायक्रोसोमांत आढळले. त्यास ऑक्सिजन व एनएडीपीएच लागत. १९५८ मध्ये क्लिंगेनबेर्ग व गारफिंकल यांनी मायक्रोसोमांतील एका विलक्षण रंजकाची नोंद स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. कार्बन मोनॉक्साइडशी जोडले असता ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषी. ते हीम-प्रथिन असल्याचे ओमुरा व सातो यांनी १९६२ मध्ये सिद्ध केले. 'पी-४५०' हे कामचलाऊ नाव मात्र कायमचे चिकटले. पुढे एस्टाब्रुक, कूपर व रोझेन्थाल यांनी कार्बन मोनॉक्साइडने रोखलेली क्रिया त्याच तरंगलांबीच्या प्रकाशाने पुन्हा चालू करून दाखविली, आणि रंजकाचे कार्य निश्चित झाले.

निर्धोक मानलेल्या पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृतपेशी मरतात, हे १९६६ मध्ये ब्रिटनमधील रोग्यांत दिसून आले. १९७३ मध्ये ब्रोडी यांच्याच सहकाऱ्यांनी कारण दाखविले: द्रव्याच्या अल्पांशाचे पी-४५० ऑक्सिडीकरण करते व त्यातून अतिक्रियाशील पदार्थ उपजतो. ग्लुटाथायोन त्यास आवरते. त्याचा साठा संपला की पेशीतील प्रथिनांवर आघात होतो. ग्लुटाथायोनची भरपाई करणारे ॲसिटिलसिस्टीन त्याच दशकात उतारा म्हणून वापरात आले. वेळीच, शक्यतो पहिल्या आठ तासांत दिल्यास ते यकृत वाचविते.