उद्यानातील शिल्प : निर्णय मातीत, पश्चात्ताप धातूत

खास प्रतिनिधी

वसाहतीच्या उद्यानात शिल्प बसवावे, असा प्रस्ताव नगरसेवकाकडून, रहिवासी संघाकडून किंवा एखाद्या देणगीदाराकडून येतो, तेव्हा अनेकदा सर्वांत आधी एकच गोष्ट निश्चित होते : अनावरणाची तारीख. जयंती, वर्धापनदिन किंवा निवडणुकीची आचारसंहिता पाहून ती ठरते. मग तिच्यापासून मागे मोजत गेल्यावर जेवढे महिने उरतात, तेवढे शिल्पकाराच्या वाट्याला येतात. चौथऱ्याच्या ग्रॅनाइटची जाडी कागदोपत्री मिलिमीटरमध्ये नोंदलेली असते. शिल्पाविषयी मात्र 'हुबेहूब' या शब्दापलीकडे फारसे काही सांगितलेले नसते. वास्तविक उद्यानातील शिल्प चांगले होणार की वाईट, हे धातू ओतण्याच्या कितीतरी आधी, ते मातीत असतानाच ठरत असते. त्या टप्प्याला किती वेळ दिला आणि तो पाहायला कोण गेले, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

शिल्प म्हणजे पुतळाच, असे आपल्याकडे जवळपास गृहीत धरले जाते. मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानातील 'म्हातारीचा बूट' शिल्प मानावा की इमारत, यावर वाद घालता येईल; पण मुंबईकर मुलांच्या कित्येक पिढ्यांना ते उद्यान आठवते ते त्या बुटामुळेच. काळा घोडा चौकाची कथा याहून बोलकी आहे. सातवे एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला, तरी चौकाचे नाव काही बदलले नाही. पुढे २०१७मध्ये काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने तेथे नवे शिल्प उभे राहिले, त्यात घोडा आहे, स्वार नाही. लोकांनी राजाला निरोप दिला आणि घोडा ठेवून घेतला! आपल्या उद्यानाला थोर व्यक्तीचे स्मारक हवे आहे, की मुलांनी हात लावावा, म्हाताऱ्यांनी सावलीला टेकावे असे काही हवे आहे, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला पाहिजे. पुढचे नियम, खर्च आणि कलावंताची निवड त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

पुतळा हवा असेल, तर परवानग्यांची वाट लांबची आहे. राज्य शासनाने याबाबत २००५मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २ मे २०१७च्या शासननिर्णयाने त्या सुधारल्या. राष्ट्रपुरुष व थोर व्यक्तींच्या पुतळ्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची मान्यता लागते. जागेची मालकी निर्विवाद असणे, स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव, कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने पोलिसांचा ना हरकत दाखला, पुतळ्याच्या देखभालीची हमी आणि त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा दोन किलोमीटरच्या परिसरात नसणे, अशा अटी त्यात आहेत. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या अन्य जागांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिला होता. त्यामुळे उद्यानाचे प्रवेशद्वार, बाहेरचा पदपथ की आतली हिरवळ, हा तपशील किरकोळ राहत नाही. पोलिसांचा दाखला ही निव्वळ औपचारिकता आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याच्या संभाजी उद्यानाची आठवण ठेवावी. तेथील राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा जानेवारी २०१७मध्ये रात्रीच्या वेळी उखडून मुठा नदीत टाकण्यात आला होता.

या सगळ्या कागदपत्रांत कलेशी थेट संबंध असलेली अट एकच आहे. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. ही अट फार शहाणपणाची आहे. मात्र तिचा अर्थ समजून घेतला पाहिजे.

शिल्पकार प्रथम हातात मावेल असा किंवा दोन-तीन फुटांचा लहान नमुना करतो. तो पसंत पडला, की लोखंडी सळ्या, लाकूड आणि जाळी यांचा सांगाडा उभा करून त्यावर पूर्ण मापाची आकृती मातीत घडवतो. ही माती वाळली की तडकते. म्हणून तिच्यावर रोज पाणी शिंपडायचे, ओली फडकी आणि प्लास्टिक गुंडाळून ठेवायचे, असा क्रम महिनोन्‌महिने चालतो. या काळात नाक बदलता येते, खांदा खाली घेता येतो, घोड्याची मान वळवता येते. खर्च होतो तो केवळ शिल्पकाराच्या श्रमाचा. एकदा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढला, की आतली माती उकरून टाकली जाते. मग साच्यातून मेणाची पातळ प्रतिकृती, तिच्याभोवती भट्टीत टिकणारे आवरण, मेण वितळवून काढणे आणि त्या पोकळीत सुमारे अकराशे अंश सेल्सिअस तापमानाचा रस ओतणे, असे टप्पे येतात. मोठे काम तुकड्यातुकड्यांनी ओतून नंतर जोडतात. या टप्प्यावर समितीच्या सदस्यांना चेहरा आवडला नाही, तर त्याला इलाज नसतो. असलाच, तर तो फार महागडा असतो.

म्हणून समितीने कार्यशाळेत जायचे ते मातीच्या वेळी, आणि एकदा नव्हे. जाताना शिडी आणि मोजपट्टीही न्यावी. आठ फुटी चौथऱ्यावरची आकृती आपण नेहमी खालून पाहतो. त्या कोनातून पाय मोठे आणि डोके लहान दिसते. जाणता शिल्पकार त्या हिशेबाने वरचा भाग किंचित मोठा घेतो किंवा मान जराशी खाली झुकवतो. डोळ्यांच्या रेषेत उभे राहून 'डोके मोठे वाटते' असा शेरा मारणारा सदस्य चांगले काम बिघडवू शकतो. जमिनीवर बसून वर पाहावे, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात पाहावे आणि हरकती एकत्रित, लेखी द्याव्यात. दहा सदस्यांच्या दहा तोंडी सूचना पाळून आजवर कोणाचेही शिल्प सुधारलेले नाही, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे प्रांजळ मत आहे.

वेळ दिल्यावर काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याची पायाभरणी १९२१मध्ये झाली आणि अनावरण १९२८मध्ये. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांनी घडवलेला हा ब्राँझचा पुतळा एकसंध ओतला गेला, म्हणून तो त्या काळी आश्चर्याचा विषय ठरला. अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांच्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. उद्यानासाठी शिल्प करवून घेऊ पाहणाऱ्या समितीने एक रविवार तेथे घालवावा. गावातली माणसे आणि जनावरे मातीच्या हातांनी कशी पकडता येतात, हे तेथे पाहिले, की 'हुबेहूब' या शब्दाचा अर्थ बदलतो.

उलट बाजूचे उदाहरण अजून ताजे आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. आपण मान्यता दिली ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला. प्रत्यक्षात उंची ३५ फूट असेल आणि आत पोलाद वापरले जाईल याची कल्पना नव्हती, असे कला संचालकांनी त्या वेळी सांगितले. येथे मान्यतेचा कागद होता. पण मान्य झालेली वस्तू आणि उभी राहिलेली वस्तू एक नव्हती. चेहऱ्याची मान्यता आणि सांगाड्याची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कलावंत देतो, दुसरी स्थापत्य अभियंता. उंची बदलली, की वाऱ्याचा दाब, पायाचे माप, आतल्या सळ्यांची जाडी यांचे गणित पुन्हा मांडावे लागते.

धातूचेही एक शास्त्र आहे. तांबे आणि लोखंड एकमेकांना लागून दमट हवेत राहिले, तर लोखंड झपाट्याने गंजते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या तांब्याच्या पत्र्याआड लोखंडी पट्ट्या होत्या. १९८४ ते १९८६ या काळातील दुरुस्तीत त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. आपल्या समुद्रकाठच्या शहरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. फायबरचे शिल्प स्वस्त, हलके आणि लवकर होणारे असते. त्यावर ब्राँझचा रंग फासून वेळ मारून नेता येते, पण उन्हात तो रंग उडतो आणि मुलांच्या चढण्या-उतरण्याने कडा चिरतात. खर्च परवडत नसेल, तर ब्राँझचा देखावा करण्यापेक्षा दगडात किंवा सिमेंटमध्ये लहान, प्रामाणिक काम करून घेणे बरे.

शिल्पकाराची निवड सर्वांत कमी दराच्या निविदेने करू नये. तीन-चार कलावंतांची आधीची कामे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावीत, त्यांना लहान नमुन्यासाठी मानधन द्यावे आणि मग निवड करावी. फुकट नमुने मागणे म्हणजे ज्यांच्याकडे काम नाही त्यांनाच बोलावणे होय. अंदाजपत्रकही वाढते धरावे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील 'क्लाउड गेट' सहा दशलक्ष डॉलरच्या अंदाजाने सुरू झाले आणि २००६मध्ये पूर्ण होईपर्यंत २३ दशलक्षांवर गेले. २००४मध्ये उद्यान खुले झाले तेव्हा शिल्पाचे सांधेही घासून झालेले नव्हते. तरी शहराने थांबण्याची तयारी दाखवली. आज लोक त्याला प्रेमाने 'बीन', म्हणजे घेवड्याची बी म्हणतात आणि त्यात आपले प्रतिबिंब पाहायला गर्दी करतात.

परंतु नामवंत कलावंत आणला, की लोकांना विचारावे लागत नाही, हा समज न्यूयॉर्कमध्येच खोटा ठरला. तेथील एका सरकारी इमारतीच्या अंगणात रिचर्ड सेरा यांची १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत १९८१मध्ये उभी राहिली. रोज तिला वळसा घालून जावे लागणाऱ्या कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या. जाहीर सुनावणी झाली आणि १९८९मध्ये ती कापून काढण्यात आली. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायवाट कोठून जाते, हे आधी पाहिले असते, तर त्या कामाचे आयुष्य आठ वर्षांचे राहिले नसते. आपल्या उद्यानात पहाटे फिरणारे, दुपारी डबा खाणारे, संध्याकाळी क्रिकेट खेळणारे वेगवेगळे असतात. लहान नमुना नियोजित जागी पंधरा दिवस मांडून ठेवला आणि शेजारी सूचनांची वही ठेवली, तरी पुष्कळ काही कळते. पुठ्ठ्याचा, खऱ्या मापाचा आकार उभा केला तर आणखी उत्तम.

करारात पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : लहान नमुना, पूर्ण मापाची माती, साचा, ओतकाम, उभारणी. साचे कोणाच्या ताब्यात राहणार आणि दुसरी प्रत काढता येणार का, हे लेखी ठरवावे. शिल्प विकत घेतले म्हणजे ते हवे तसे रंगवण्याचा वा मोडण्याचा हक्क मिळाला, असे मात्र होत नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५७ कलावंताचा नैतिक हक्क मानते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प १९७९मध्ये काढून गोदामात टाकले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये सरकारला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि उरलेले अवशेष सहगल यांना परत करण्याचा आदेश दिला.

अनावरणानंतरची तरतूद बहुधा कोणी करीत नाही. कबुतरांची विष्ठा आम्लयुक्त असते आणि ती ब्राँझला खाते. वर्षातून एकदा साध्या पाण्याने धुऊन मेणाचा पातळ थर द्यावा लागतो. तारेचा ब्रश, आम्ल किंवा ऑइलपेंट यांचा स्पर्शही होता कामा नये. हे काम उद्यान विभागाच्या माळ्याने करायचे की विद्युत विभागाने, हे ठरलेले नसते आणि मग जयंतीच्या आदल्या रात्री कोणीतरी सोनेरी रंगाचा डबा घेऊन येतो. धुण्याची पद्धत, शिल्पकाराचे नाव, धातूचे मिश्रण आणि आतल्या सांगाड्याचा नकाशा अशी एक नोंदवही उद्यान अधीक्षकांच्या कार्यालयात ठेवावी. आणि चौथऱ्यावरच्या पाटीवर पाहुण्यांच्या आणि समितीच्या नावांखाली एक ओळ शिल्पकारासाठी सोडावी. आपल्या जवळच्या उद्यानात आज जाऊन पाहा, ती ओळ बहुधा सापडणार नाही.