श्वासाचा आजार, मेंदूवर घाला : सीओपीडीचे रक्तवाहिन्यांवरील परिणाम

सीओपीडी, म्हणजेच श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार, सर्वसाधारणपणे खोकला, कफ आणि धाप यांवरून ओळखला जातो. मात्र या विकाराचे रुग्ण केवळ श्वास कोंडून दगावतात असे नाही. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘टॉर्च’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहा हजारांहून अधिक रुग्णांचा तीन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्या काळात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यू श्वसनसंस्थेच्या, तर सुमारे २७ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झाल्याचे स्वतंत्र तज्ज्ञ समितीच्या तपासणीत आढळले.

भारतासाठी हा प्रश्न लहान नाही. २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या राज्यनिहाय अभ्यासानुसार देशातील सीओपीडी रुग्णांची संख्या १९९० मध्ये २.८१ कोटी होती. ती २०१६ मध्ये ५.५३ कोटींवर पोहोचली. या आजाराच्या भारापैकी निम्म्याहून अधिक वाटा घरातील व बाहेरील वायुप्रदूषणाचा, तर सुमारे एक चतुर्थांश वाटा तंबाखूचा असल्याचा अंदाज त्यात मांडण्यात आला. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली, बिडीला कधीही न शिवलेली स्त्रीही म्हणूनच या विकाराची रुग्ण असू शकते. स्पायरोमेट्री ही श्वासाची साधी चाचणी झाली नाही, तर तिची धाप वयाच्या नावावर खपून जाते.

रक्तवाहिन्यांवरील परिणामाची सुरुवात फुप्फुसातच होते. फुप्फुसाच्या एखाद्या भागात प्राणवायू कमी पडला की तेथील सूक्ष्म धमन्या आकुंचन पावतात आणि रक्त अधिक हवा असलेल्या भागाकडे वळते. स्वीडनचे शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रँड यांनी १९४६ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून ही क्रिया दाखवून दिली. निरोगी शरीरात ती संरक्षक ठरते. सीओपीडीत मात्र फुप्फुसाचा बराचसा भाग प्राणवायूला पारखा झालेला असतो. त्यामुळे आकुंचन सर्वत्र होते, फुप्फुस-धमन्यांतील दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. पायांवर येणारी सूज हे त्याचे एक लक्षण. प्राणवायूची उणीव भरून काढण्यासाठी शरीर तांबड्या पेशी वाढवते. त्याने रक्त दाट होते.

फुप्फुसाबाहेरील धमन्याही सुटत नाहीत. दीर्घकाळ चाललेल्या दाहामुळे रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रथिन आणि फायब्रिनोजेन वाढलेले आढळतात, धमन्यांचे नाजूक अस्तर निकामी होऊ लागते, भिंती ताठर बनतात. हा दाह फुप्फुसातून सर्वत्र पसरतो की तंबाखू आणि धूर दोन्हीकडे एकाच वेळी इजा करतात, यावर संशोधकांचे एकमत नाही. धूम्रपानाचा परिणाम वजा करूनही काही धोका शिल्लक राहतो, असे मात्र अनेक अभ्यासांत दिसले आहे.

सर्वाधिक धोक्याचा काळ असतो तो आजार बळावल्यानंतरचा, आणि नेमके याकडेच दुर्लक्ष होते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे १३ हजारांहून अधिक नागरिकांच्या दीर्घकालीन पाहणीत, आजार तीव्रपणे बळावल्यानंतरच्या सात आठवड्यांत सीओपीडी रुग्णांना पक्षाघाताचा धोका सुमारे साडेसहा पटींहून अधिक आढळला. ब्रिटनमधील नोंदींच्या २०१० मधील विश्लेषणात बळावल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक होता. रुग्ण घरी येतो, खोकला ओसरतो, कुटुंब निर्धास्त होते. रक्तवाहिन्यांसाठीची जोखीम तेव्हा संपलेली नसते. रॉटरडॅमच्याच पाहणीत मेंदूच्या खोल भागांतील अतिसूक्ष्म रक्तस्रावही सीओपीडी रुग्णांत अधिक दिसले. असे रक्तस्राव लहान रक्तवाहिन्यांच्या झिजेची खूण मानले जातात.

मेंदूला दुसरा त्रास कार्बन डायऑक्साइडचा. तो बाहेर टाकता आला नाही की मेंदूतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात. सकाळी उठताना डोके दुखणे, दिवसा गुंगी, हात थरथरणे आणि बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हे. गाढ गुंगीला ‘बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली’ असे समजून रुग्णाला तसेच पडू देणे जीवघेणे ठरू शकते.

येथे प्राणवायूच दुधारी होतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. धाप वाढली की यंत्राचा प्रवाह वाढवावा, असे नातेवाइकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्राणवायू गरजेपेक्षा अधिक मिळाल्यास धमन्यांचे वर सांगितलेले संरक्षक आकुंचन सैल पडते, रक्त निकामी भागांकडे वाहू लागते आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे रुग्णवाहिकेतील ४०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सरसकट जास्त प्राणवायूऐवजी मोजून दिलेल्या प्राणवायूने सीओपीडीचे निदान पक्के असलेल्यांतील मृत्यू ७८ टक्क्यांनी घटले. म्हणूनच आजार बळावलेल्या अशा रुग्णांत ऑक्सिमीटरवरील पातळी ८८ ते ९२ टक्क्यांदरम्यान राखण्याची शिफारस आहे. कोविडकाळात मनावर ठसलेला ९४ चा आकडा येथे लागू होत नाही.

मेंदूची झीज संथही असते. अमेरिकेतील प्राणवायू-उपचार चाचणीत सहभागी २०३ रुग्णांची बौद्धिक तपासणी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तात प्राणवायू कमी असलेल्या या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांत मध्यम ते तीव्र स्वरूपाची घट होती; तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटात हे प्रमाण १४ टक्के होते. स्मरण आणि एकाग्रता उणावलेला रुग्ण इनहेलर ओढण्याचा क्रम विसरतो, मात्रा चुकवतो आणि आजार पुन्हा बळावतो. औषध लागू पडत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाला इनहेलर समोर वापरून दाखवायला सांगणे हे त्यामुळे कोणत्याही महागड्या तपासणीआधीचे काम आहे.

विश्रांतीच्या स्थितीतही रक्तातील प्राणवायू फारच कमी असलेल्यांना दिवसातून किमान १५ तास प्राणवायू दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ मध्ये अनुक्रमे अमेरिका व ब्रिटनमधील चाचण्यांनी सिद्ध केले. घट सौम्य असलेल्या ७३८ रुग्णांवरील २०१६ मधील अमेरिकी चाचणीत मात्र असा लाभ दिसला नाही. कोणाला यंत्र हवे, किती प्रवाहाने आणि किती तास, हे रक्तातील वायूंच्या तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवायचे असते.