पेटंटचित्रांतील सावलीची रेषा

१५ डिसेंबर १८३६ रोजी वॉशिंग्टनमधील अमेरिकी पेटंट कार्यालय जळाले. हजारो रेखाचित्रे आणि प्रतिकृती राख झाल्या. पुढे १८८० मध्ये प्रतिकृतीची सर्वसाधारण सक्तीही उठली. यंत्राची साक्ष आता मुख्यतः काळ्या शाईने द्यायची होती.

या शाईचे व्याकरण आपण पाहू. प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत येतो असे मानायचे आणि सावलीकडील कड जाड ओढायची. बोस्टनच्या एका वकिली कचेरीत लुईस लॅटिमर यांनी ही कला इतर आरेखकांचे काम पाहून आत्मसात केली. गुलामगिरीतून पळून आलेल्या आईबापांचा हा मुलगा तेथेच मुख्य आरेखक झाला.

आज संगणकावरील त्रिमितीय आराखड्यातून असे चित्र क्षणात निघते. दडलेल्या रेषा संगणक आपणहून वगळतो. परंतु गोलाईच्या कडा ठेवायच्या की पुसायच्या, कोणता भाग सुटा करून दाखवायचा, हे त्याला सांगावे लागते. आराखड्यात सर्व मापे असतात. शोध नेमका कोठे आहे, याची नोंद त्यात नसते. नेमकी तीच कड गळली, तर दाव्यातील शब्दाला चित्राचा आधार उरत नाही. म्हणून लॅटिमर यांची नजर आम्हांस आजही आवश्यक वाटते.