दाभोळ वीजप्रकल्प
दाभोळ वीजप्रकल्पाचे अपयश तंत्रज्ञानाच्या खाती मांडले जाते, ते मान्य करता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ असलेले हे केंद्र संयुक्त चक्र पद्धतीचे आहे. वायू जाळून आधी गॅस टर्बाइन फिरते. तिच्यातून निघणारे पाच-सहाशे अंश सेल्सिअसचे तप्त वायू धुराड्यात न सोडता त्यांवर पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरी टर्बाइन चालते. त्यामुळे इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जेची वीज होऊ शकते; कोळशावरच्या जुन्या केंद्रांत हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश असे. दाभोळची वीज महाग होती आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये तिची खरेदी थांबवली, हा आक्षेप खरा आहे. पण १९९९ मध्ये सुरू झालेला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नॅफ्था या महाग द्रव इंधनावर चालत होता, दर डॉलरशी बांधलेले होते आणि वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरणे मंडळाला बंधनकारक होते. असा करार उत्तम यंत्रालाही बुडवतो. प्रकल्प उभारणारी अमेरिकी कंपनी एन्रॉन गेल्यावर, २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी आली तरी केंद्र पुढे थंडावलेच, असेही कोणी म्हणेल. त्याचे मुख्य कारण केंद्राला मिळणाऱ्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूचे घटलेले उत्पादन हे होते. रायगड जिल्ह्यातील उरणचे वीजकेंद्र याच संयुक्त चक्र पद्धतीने, देशी वायूवर वर्षानुवर्षे चालले आहे. वायू अपुरा पडला तेव्हा तेथलीही निर्मिती घटली.