जालन्याचे थलपट्टण

समुद्र नाही, मग बंदर कसले? जालन्याजवळच्या ड्रायपोर्टची, म्हणजे कोरड्या बंदराची, पायाभरणी २०१५ मध्ये झाली. त्याचे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येतोच.

'बंदर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे मूळ 'बंद', म्हणजे बांधणे, यात शोधले जाते. हा 'बंद' आणि संस्कृत 'बंध्' धातू एकाच कुळातले. इराणातल्या बंदर अब्बासपासून ठाण्याच्या घोडबंदरापर्यंत हा शब्द गलबतांच्या वाटेवर भेटतो. पण बंदराची गोष्ट किनाऱ्यावर संपत नाही. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात घोडा घेऊन कोकणातल्या चौल बंदरात उतरला, पण तिथे थांबला नाही. घाट चढून तो जुन्नरला आणि पुढे बीदरला गेला. चौल-दाभोळची भरभराट घाटमाथ्यावरच्या अशा बाजारपेठांवर उभी होती.

'बंदर' येण्याआधी आपला शब्द होता 'पत्तन'. प्राकृतात 'पट्टण', मराठीत 'पाटण'. विशाखापट्टणम समुद्रावर आहे, तर साताऱ्याचे पाटण डोंगरात. या दोहोंचा उलगडा जैन आगमांवरच्या प्राचीन टीकाग्रंथांत होतो. तिथे पट्टणाचे दोन प्रकार सांगितले आहेत: जिथे माल पाण्यावरून येतो ते जलपट्टण, जिथे जमिनीवरून येतो ते थलपट्टण. मथुरेसारखे शहर दुसऱ्या प्रकारात मोडते. पट्टण ठरायचे ते मालाच्या ये-जा करण्यावरून, लाटांवरून नव्हे.

जालना जिल्ह्यातच असे एक जुने ठिकाण आहे, केळणा नदीकाठचे भोकरदन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत इथल्या दात्यांच्या गावाचे नाव येते. संस्कृतातले भोगवर्धन ते हेच. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली सापडली होती. सातवाहनकाळात इथली कारागिरी कोणत्या जगाशी जोडलेली होती, हे त्यावरून उमगते. 

आज जालन्याची ओळख सळई, बियाणे आणि मोसंबी यांनी आहे. या मालाच्या वाटेवरच्या ठाण्याला लोक ड्रायपोर्ट म्हणतात, खुशाल म्हणोत. पण इथल्या शाळांत भूगोलाच्या तासाला 'थलपट्टण' हा शब्दही मुलांना सांगावा. समुद्रापासून दूर असलेले बंदर ही कल्पना आपल्या भाषांना नवी नाही, हे जालन्याच्या मुलांना ठाऊक असायला हवे.